तबकडीवरील नाव आणि तबकडीतील नाव

वाङ्मयचौर्याचा आरोप सिद्ध करणे किती कष्टाचे असते, हे ज्यांनी असल्या वादात एकदा तरी हात घातला आहे त्यांस सांगावयास नको. दोन ग्रंथ शेजारी ठेवावयाचे, ओळीस ओळ लावून पाहावयाची, कोणता आधी लिहिला गेला हे ठरवावयाचे, आणि इतके झाल्यावर आरोपीने 'योगायोग' हा एक शब्द उच्चारला की सर्व श्रमांवर पाणी पडावयाचे. परंतु चोरीचा माल घेऊन निघालेला मनुष्य भर बाजारात खऱ्या धन्याचे नाव, एकेक अक्षर सुटे करून, मोठ्याने सांगत सुटला आहे आणि लक्षावधी लोक त्या नावावर ताल धरून नाचत आहेत, असा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासात फारसा आढळत नाही. तो १९७९ साली अमेरिकेत घडला. ज्या ध्वनिमुद्रिकेत तो घडला तिचे नाव 'रॅपर्स डिलाइट'. हिप-हॉप या नावाने आज जगभर पसरलेल्या गीतप्रकाराची बाजारात खऱ्या अर्थाने यशस्वी झालेली पहिली तबकडी ती हीच.

हा विषय पाहून आमच्या कित्येक वाचकांच्या कपाळास आठी पडेल, याची प्रस्तुत लेखकास कल्पना आहे. घरातील मुले कानांत यंत्रे घालून जे काही ऐकत असतात त्याचा वाङ्मयविचाराशी संबंध काय, असा प्रश्न ते करतील. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. रॅप म्हणजे तालावर म्हटलेले सयमक पद्य. ते गावयाचे नसते, म्हणावयाचे असते. आणि म्हणणाऱ्याने ते स्वतः रचलेले असावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ज्या मराठी टीकेने एके काळी शाहिरांकडे नाक मुरडले आणि पुढे त्यांच्याच लावण्यांची व पोवाड्यांची बाडे गावोगाव हिंडून गोळा केली, तिने तीच चूक दुसऱ्यांदा करावी असे आम्हांस वाटत नाही.

ही कला कोठे आणि कशी जन्मली, हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण पुढील सर्व विवेचन तिच्या मूळच्या रीतिरिवाजांवर अवलंबून आहे. न्यूयॉर्क शहराचा ब्रॉन्क्स हा भाग १९७० नंतरच्या दशकात विलक्षण दैन्यात होता. मोठा हमरस्ता काढण्यासाठी वस्त्या मधोमध चिरल्या गेल्या होत्या, ज्यांस जाणे परवडत होते ते निघून गेले होते, आणि मागे राहिलेल्यांच्या इमारती एकामागून एक आगीत भस्मसात होत होत्या. अशा वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ या दिवशी सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी चार पैसे जमावेत म्हणून नाचगाण्याचा एक छोटा समारंभ योजिला. तबकड्या लावण्याचे काम तिच्या भावाकडे होते. जमैकातून आलेला हा तरुण पुढे डीजे कूल हर्क या नावाने प्रसिद्धीस आला. त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली होती की, गाण्यातील शब्द व सूर थांबून केवळ तालवाद्ये वाजू लागतात, त्या अल्प अवकाशात नाचणाऱ्यांच्या अंगात खरा संचार होतो. तेव्हा एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा आलटून पालटून लांबवू लागला. या लांबविलेल्या तालावर कोणी तरी श्रोत्यांस हाका मारू लागला, हाकांची यमके झाली, यमकांची कडवी झाली. तबकड्या फिरविणारा तो डीजे आणि पद्य म्हणणारा तो एम्सी, अशी जोडी ठरून गेली.

या मंडळींत लिहून ठेवलेला कायदा नव्हता. परंतु न लिहिलेले दोन दंडक होते. पहिला असा की, संगीत सर्वांचे. कोणाचीही तबकडी आणावी, तिच्यातील हवा तो तुकडा काढावा आणि वाजवावा. त्यात लपविण्यासारखे काही नव्हते, कारण वाजत असलेली वस्तू परक्याची आहे हे प्रत्येक श्रोत्यास ठाऊकच असे. कौतुक व्हावयाचे ते निवडीचे आणि हाताच्या सफाईचे. दुसरा दंडक याच्या अगदी उलट. शब्द ज्याचे त्याचे. दुसऱ्याची यमके उचलणाऱ्यास तेथे 'चावा घेणारा' म्हणत, आणि या शब्दाएवढी नामुष्की दुसरी नव्हती. फडात समोरासमोर उभे राहून एकमेकांवर पद्यांनी मात करावयाची असल्यामुळे, उसन्या पद्याने जिंकणे म्हणजे भाड्याचा पहिलवान उतरवून स्वतःच्या डोक्यास फेटा बांधून घेण्यासारखे होते. आमच्याकडील कलगीवाले आणि तुरेवाले यांचे सामने ज्यांनी पाहिले वा वाचले आहेत, त्यांस या अभिमानाची जात ओळखू येईल.

आता ही तबकडी कशी तयार झाली ते पाहू. सिल्व्हिया रॉबिन्सन ही बाई स्वतः गायिका होती. 'मिकी आणि सिल्व्हिया' या जोडीतील ती सिल्व्हिया. १९७३ साली तिचे 'पिलो टॉक' हे गाणेही गाजले होते. ती आणि तिचा पती जो हे न्यू जर्सीतील एंगलवूड या गावी ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करीत. परंतु त्यांची जुनी कंपनी कर्जात बुडून डबघाईस आलेली होती. अशा स्थितीत १९७९ च्या उन्हाळ्यात हार्लेममधील एका नृत्यगृहात तिने लव्हबग स्टार्स्की या तरुणास तबकड्यांवर पद्य म्हणताना आणि सारी गर्दी त्यास प्रत्युत्तर देताना पाहिले. हे तबकडीवर उतरविता येईल, असे तिच्या मनाने घेतले. ज्यांनी ही कला निर्माण केली त्या ब्रॉन्क्सच्या मुलांना ही कल्पना सुचली नव्हती असे नव्हे; परंतु रात्रभर चालणारा आणि श्रोत्यांच्या आरोळ्यांवर वाढत जाणारा हा प्रकार एका तबकडीत मावेल यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. बाईंचा बसला. व्यापाऱ्याची दृष्टी कित्येकदा कलावंताच्या दृष्टीपेक्षा लांबचे पाहते, हे येथे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

एम्सी मात्र हाताशी नव्हता. तेव्हा बाईंचा मुलगा तिला गावातीलच एका पिझ्झाच्या दुकानाकडे घेऊन गेला. तेथे हेन्री जॅक्सन, ऊर्फ बिग बँक हँक, नावाचा धिप्पाड तरुण काम करता करता एका ध्वनिफितीबरोबर पद्ये म्हणत असे. दुकानाबाहेर उभ्या केलेल्या मोटारीत बसूनच त्याची परीक्षा झाली. तेवढ्यात मायकेल राइट आणि गाय ओब्रायन हे आणखी दोन तरुण तेथे येऊन मिळाले. तिघांपैकी एकाची निवड करावयाची ती बाईंनी तिघांचीही केली, आणि हार्लेममधील एका प्रतिष्ठित वस्तीच्या नावावरून त्यांस 'शुगरहिल गँग' हे नाव दिले. ही टोळी कोणत्याही फडात कधी उभी राहिलेली नव्हती. ती मोटारीतच जमली होती.

हँक ज्या ध्वनिफितीबरोबर म्हणत होता ती त्याची स्वतःची नव्हती. ब्रॉन्क्समध्ये ग्रँडमास्टर कॅझ नावाचा एक अव्वल दर्जाचा एम्सी होता. पूर्वी तो 'कॅसानोव्हा फ्लाय' हे नाव लावी. हँक त्याच्या मंडळीची व्यवस्था पाहत असे. कॅझने पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी की, तबकडीची संधी येताच हँक त्याच्याकडे आला आणि पद्ये मागू लागला. कॅझने आपली वही त्याच्या पुढे टाकली आणि हवे ते घे म्हणून सांगितले. आपला माणूस पुढे गेला तर आपलीही आठवण ठेवील, एवढाच त्याचा हिशेब होता. लेखी करार नाही, रक्कम ठरलेली नाही. हँकने कडवी उचलली ती जशीच्या तशी. इतकी की, ज्या कडव्यात कवीने आपले 'कॅसानोव्हा' हे नाव अक्षरे सोडवून गुंफले होते तेही बदलण्याची तसदी त्याने घेतली नाही.

संगीताचाही असाच प्रकार झाला. त्या उन्हाळ्यात 'शीक' या मंडळीचे 'गुड टाइम्स' हे गाणे अमेरिकेच्या यादीत पहिल्या स्थानी होते, आणि त्यातील बेस गिटारची चालती सुरावट फडांत सर्वत्र वाजत होती. सिल्व्हियाबाईंनी तबकड्या फिरविणारा डीजे न आणता वादक बसविले आणि तीच सुरावट त्यांच्याकडून पंधरा मिनिटांच्या आसपास अखंड वाजवून घेतली. त्यावर तिघांनी ध्वनिवर्धक हातोहात देत आपापली कडवी म्हटली. १९७९ च्या सप्टेंबरात बारा इंची सिंगल, म्हणजे एकाच गीतासाठी काढलेली स्वतंत्र तबकडी, बाजारात आली. पूर्ण गीताची लांबी साडेचौदा मिनिटे. नभोवाणीवर तीन-चार मिनिटांची गाणी वाजविण्याचा प्रघात असता एवढे लांबलचक गाणे कोण वाजवील, ही शंका खोटी ठरली. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत ती चौथ्या स्थानी पोहोचली, अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत छत्तिसाव्या, ब्रिटनमध्ये तिसऱ्या आणि कॅनडात चक्क पहिल्या. याच वर्षी 'फॅटबॅक बँड' या मंडळीची एक रॅपयुक्त तबकडी थोडी आधी निघाली होती हे खरे; परंतु जगाने रॅप हा शब्द ऐकला तो 'रॅपर्स डिलाइट'मुळेच.

कृती म्हणून हिचे मोल काय? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर हे गीत ऐकताना कंटाळा येत नाही, आणि साडेचौदा मिनिटांच्या गीताविषयी ही काही लहान प्रशंसा नव्हे. तिघांचे आवाज तीन जातींचे आहेत. राइटचा आवाज स्वच्छ व आतिथ्यशील. श्रोत्यांचे स्वागत त्यानेच करावे हे योग्यच झाले. मित्राच्या घरी जेवावयास गेले असता बेचव अन्न पुढे आले आणि सभ्यपणामुळे उठताही येईना, हा त्याचा प्रसंग तर निव्वळ घरगुती विनोदाचा उत्तम नमुना आहे; असल्या पंगतीत आपणांपैकी प्रत्येक जण केव्हा ना केव्हा अडकलेला असतो. ओब्रायनचे म्हणणे तरुण आणि चपळ. हँकचा स्वर भारदस्त, आणि गीतातील सर्वांत ऐटबाज पद्ये त्याच्याच वाट्यास आलेली. आकाशात उडणाऱ्या सुपरमॅनची प्रेयसी जी वार्ताहर तरुणी, तिला आपल्याकडे वळविण्यासाठी त्या वीराची तो जी टवाळी करतो, तीत खरी कल्पकता आहे. दैवी पुरुषास मर्त्य रसिकाने खिजवावे ही युक्ती जुनीच. पण येथे ती ब्रॉन्क्सच्या फडातील फुशारकीशी बेमालूम जुळली आहे. मात्र हे कडवे कॅझच्या वहीतले. गीतातील ज्या जागी आपण 'वाहवा' म्हणतो त्यांतील कित्येक जागी ती दाद चुकीच्या पत्त्यावर जाते, हे कळल्यानंतरही दाद रोखता येत नाही; आणि टीकाकाराची खरी अडचण येथूनच सुरू होते.

या ठिकाणी आमच्या परंपरेतील एका गोष्टीचे साहाय्य घेणे युक्त होईल. मराठी संतांनी व शाहिरांनी कवितेच्या शेवटी आपले नाव गुंफण्याची चाल पाळली. तिला आपण नाममुद्रा म्हणतो. कीर्तनकार तुकोबांचा अभंग म्हणतो तेव्हा तुकोबांची मुद्रा तो गाळीत नाही, आणि ऐकणाराही कीर्तनकारालाच तुकाराम समजत नाही. गाणारा निराळा आणि रचणारा निराळा, हे त्या मुद्रेमुळेच उघड राहते. होनाजी-बाळाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. रचना होनाजीची आणि गळा बाळाचा. पण नाव लागले ते दोघांचे जोडीने, इतके की, पुष्कळांना ती एकच व्यक्ती वाटते. कवी आणि गायक यांच्या भागीदारीचा याहून सरळ दस्तऐवज आम्हांस ठाऊक नाही.

'रॅपर्स डिलाइट'मध्येही मुद्रा आहे, आणि ती पुसलेली नाही. तरीही तिने कवीचे रक्षण केले नाही. असे का व्हावे? कारण मुद्रा स्वतः काहीच करीत नाही. ती ओळखणारा श्रोता असेल तरच तिला किंमत. ब्रॉन्क्सच्या फडातील शंभर माणसांनी ते नाव ऐकताच चोरी ओळखली असती, आणि ज्यांनी ऐकले त्यांनी ओळखलीही. पण तबकडी गेली ती टोरंटोस, लंडनास आणि जेथे कॅझ हे नाव कोणी ऐकले नव्हते अशा हजारो घरांत. तेथे 'कॅसानोव्हा' हा शब्द ऐकून लोकांस वाटले की, हा गडी स्वतःस स्त्रियांचा लाडका म्हणवून घेत आहे. कवीची सही ही गायकाची बढाई ठरली. फडातील कला बाजारात गेली की तिचे काय होते, याचे एवढे नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. शब्द तेच राहिले, पण त्यांचा साक्षीदार मागे राहिला.

आता न्यायाचा भाग. 'शीक'चे नाईल रॉजर्स यांनी हे गाणे न्यूयॉर्कच्या एका नृत्यगृहात ऐकले आणि आपलीच सुरावट ऐकून ते चकित झाले. त्यांनी व त्यांचे सहकारी बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याची धमकी दिली, तडजोड झाली, आणि पुढील प्रतींवर गीताचे कर्ते म्हणून त्या दोघांची नावे लागली. सुरावट त्यांची होती. तेव्हा त्यांस त्यांचे मिळाले यात गैर काही नाही. परंतु या तडजोडीकडे ब्रॉन्क्सच्या दंडकांच्या बाजूने पाहा. फडात जे सर्वांचे मानले जात होते, म्हणजे संगीत, त्याचे दाम चुकते झाले. आणि फडात जे ज्याचे त्याचे मानले जात होते, म्हणजे शब्द, त्याचा एक छदामही कवीस मिळाला नाही, असे कॅझचे सांगणे आहे. ज्यांनी या गीतातील एकही यमक रचले नव्हते ते कर्ते म्हणून नोंदले गेले; ज्याने रचली त्याचे नाव तबकडीच्या आत घुमत राहिले आणि तबकडीवर कधी आले नाही. रस्त्याचा न्याय आणि कचेरीचा न्याय यांनी येथे एकमेकांच्या अगदी उलट तोंडे केली आहेत.

कोणी म्हणेल, कायद्याने जे दिले नाही त्याबद्दल कायद्याकडे बोट दाखवावे, तबकडीकडे का? पण गंमत अशी की, कायदा कॅझच्या विरुद्ध नव्हता. अमेरिकेचा १९७६ चा कायदा १९७८ पासून अमलात आला होता, आणि त्याप्रमाणे रचना कागदावर उतरताच कवीचा हक्क उत्पन्न होतो. म्हणजे ती वही हाच त्याचा दाखला होता. उणीव हक्काची नव्हती. हक्क आहे हे सांगणाऱ्या वकिलाची, तो वापरण्याजोग्या पैशाची आणि आपली वही म्हणजे मालमत्ता आहे या जाणिवेची होती. 'शीक'च्या मागे या साऱ्या गोष्टी होत्या. ब्रॉन्क्समधील एका पोराच्या मागे नव्हत्या. कायदा सर्वांस सारखा असतो या वाक्यात 'असतो' हे क्रियापद पुष्कळदा 'असावा' या अर्थी वाचावे लागते.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो वजनदार आहे. सर्व वाङ्मय उसनवारीवरच उभे आहे, असे तो आक्षेप सांगतो. मोरोपंतांनी महाभारत घेतले, शेक्सपिअरने इटालियन कथा घेतल्या. मग एका पिझ्झावाल्यासच का झोडपावे? राजशेखराने 'काव्यमीमांसे'त शब्दहरण व अर्थहरण यांची बारीक चिकित्सा करताना कवी आणि व्यापारी या दोघांनाही एकाच तराजूत घातले आहे, आणि जो लपवू जाणतो तोच निंदेवाचून नांदतो अशा आशयाचे मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. आमच्या प्रकरणात कवी आणि व्यापारी एकाच तबकडीवर भेटले, आणि लपविण्याची सुद्धा कोणास गरज वाटली नाही, एवढाच फरक! परंतु आक्षेपाचे उत्तर राजशेखराच्या त्या चिकित्सेतच आहे. हरणाचे प्रकार सारखे नसतात. कथा घेणे, चाल घेणे, फडात सर्वांच्या तोंडी असलेल्या हाका घेणे हे एक; 'रॅपर्स डिलाइट'च्या आरंभीचे कित्येक बोल असेच सर्वसामान्य साठ्यातले आहेत आणि त्याबद्दल कोणी तक्रार करू नये. घेतलेल्या वस्तूवर स्वतःचे संस्कार करणे हे दुसरे. आणि दुसऱ्याची सहीसुद्धा न बदलता त्याचे सर्वस्व आपले म्हणून म्हणणे हे तिसरे. मोरोपंतांनी व्यासांची मुद्रा स्वतःची म्हणून मिरविली नाही.

याच्याच जोडीचा दुसरा आक्षेप असा की, ही तबकडी नसती तर ब्रॉन्क्सची कला ब्रॉन्क्समध्येच विझली असती. हे बव्हंशी खरे आहे, आणि सिल्व्हिया रॉबिन्सन यांचे श्रेय यामुळेच कोणी हिरावून घेऊ नये. बाईंनी वाट पाडली. त्याच वाटेने पुढे १९८१ साली ग्रँडमास्टर फ्लॅश याची, दोन्ही हातांनी तबकड्या फिरवून सिद्ध केलेली तबकडी निघाली, आणि पहिल्या गीतातून गाळलेला डीजे दोन वर्षांनी का होईना आपल्या जागेवर आला. १९८२ साली त्याच कंपनीने 'द मेसेज' काढले, ज्यात ऐटीच्या जागी वस्तीचे खरे दैन्य बोलू लागले. मात्र नावाचा घोळ तेथेही सुटला नाही. तबकडीवर फ्लॅश आणि त्याच्या पाच साथीदारांचे नाव झळकले. रचना मुख्यतः एड फ्लेचर या कंपनीतील वादकाची आणि पाचांपैकी एकट्या मेली मेलची. आणि स्वतः फ्लॅशचा त्या ध्वनिमुद्रणाशी जवळजवळ संबंधच नव्हता. वाट पाडणाऱ्याचे उपकार मानावेत. पण वाटेखाली कोणाचे शेत गेले हे विचारण्याचा अधिकार त्यामुळे नष्ट होत नाही.

मग टीकाकाराने या तबकडीचे करावे काय? ती फेकून द्यावी असे आमचे मत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या २०११ च्या यादीत ती घातली, ते योग्यच केले. त्याच वर्षी सिल्व्हियाबाई वारल्या. हँक २०१४ साली गेला. मृतांवर खटले चालवू नयेत, आणि हँकविषयी तर राग येण्याऐवजी थोडी कणवच वाटते. साऱ्या जगास ऐकू जाईल असे बोलण्याची संधी त्यास एकदा मिळाली, आणि त्या वेळी त्याने उच्चारलेले नाव त्याचे स्वतःचे नव्हते. आमचे म्हणणे एवढेच की, कृतीच्या परीक्षणात 'हे चांगले आहे' या वाक्याबरोबर 'हे कोणाचे आहे' हा प्रश्नही उभा राहिला पाहिजे. काव्य स्वयंभू असते, कर्त्याचे नाव गौण, असे म्हणणारे काही पंडित आहेत. ज्यांची नावे मुखपृष्ठावर छापलेली असतात त्यांस असे म्हणणे सोयीचे जाते. ज्याचे नाव राहून गेले त्यास विचारून पाहावे.

हा प्रश्न आता केवळ न्यूयॉर्कचा राहिलेला नाही. २०१९ च्या 'गली बॉय' या चित्रपटाने कुर्ला-धारावीच्या गल्ल्यांतील मुलांची रॅपगीते आमच्या मध्यमवर्गीय घरांत आणून सोडली, आणि आज मराठीतही ती रचली जात आहेत. त्यांत बरीवाईट दोन्ही असतील. त्यांचे परीक्षण यथावकाश होईलच. पण अशा एखाद्या मुलाने आपली वही कोणाच्या पुढे टाकली, तर ज्याच्या पुढे ती टाकली त्याने, आणि आपण ऐकणाऱ्यांनी, तीत लिहिलेले नाव वाचावे. आपल्या घरी ते गीत वाजू लागले की, हे म्हणतो कोण याबरोबरच हे लिहिले कोणी, एवढे मुलांस विचारावे. उत्तर त्यांस ठाऊक नसेल, तर ते शोधण्यात पुढची पिढी आपल्याहून चांगला श्रोता होईल.